भृंगीचा दृष्टांत आणि अवंतीचे शिवार

कीटक आणि भृंगी यांचा दृष्टांत ज्याच्या कानावरून गेला नाही, असा भाविक आमच्या समाजात क्वचितच आढळेल. कीर्तनकार ध्यानाचा महिमा सांगू लागले म्हणजे हा दृष्टांत बहुधा येतोच. भृंगी एका अळीला धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते आणि तिच्याभोवती गुणगुणत राहते. भयाने व्याकुळ झालेली अळी अहोरात्र तिचेच चिंतन करते आणि त्या चिंतनाच्या बळावर अखेर स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. मग जीवाने शिवाचे चिंतन केले असता तो शिवरूप का होऊ नये, असे विचारून कीर्तनकार श्रोत्यांना अंतर्मुख करतात. हा दृष्टांत कोठून आला, ती भृंगी नेमकी कोण, आणि उज्जयिनीच्या परिसरातील शेतीशी तिच्या गोत्रातील एका अल्पपरिचित कीटकाचा कोणता संबंध आहे, याचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

या दृष्टांताचे प्रसिद्ध स्थळ श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात आहे. यदुराजाने अवधूतास त्याच्या निश्चिंत वृत्तीचे कारण विचारले, तेव्हा अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची मालिका सांगितली. पृथ्वी, वायू, आकाश येथून आरंभ होणारी ही मालिका संपते ती पेशस्कृत् या कीटकापाशी. तीच आमची भृंगी. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, याच मालिकेत दिव्यावर झेप घेऊन जळणारा पतंगही गुरू म्हणून आला आहे. हा संवाद उद्धवास सांगणारे श्रीकृष्ण ज्या सांदीपनींच्या आश्रमात विद्या शिकले, तो आश्रम अवंतीचा. त्याच स्कंधातील भिक्षुगीताचा नायक असलेला कृपण ब्राह्मणही अवंतीचाच. श्रीएकनाथमहाराजांनी या स्कंधावरील आपली विस्तृत टीका शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली आणि पैठणापासून कोकणपट्टीपर्यंतच्या मराठी घरांत अवधूताचे चोवीस गुरू ओळखीचे झाले. भृंगीची कथा उज्जयिनीच्या पार्श्वभूमीवर सांगण्यात म्हणूनच काही औचित्य आहे.

आमच्या वाचकांस तर उज्जयिनी दोन प्रकारे आपली वाटावी. एक ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून. दुसरे, त्या मंदिराच्या पुनरुत्थानात शेणवी कुळातील एका पुरुषाचा हात होता म्हणून. सुलतान इल्तुतमिशाने इ. स. १२३४-३५ च्या स्वारीत महाकालाचे देवालय उद्ध्वस्त केले. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, माळवा मराठ्यांच्या हाती आल्यावर, राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पुन्हा उभारले. पुढे शिंद्यांच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर यांच्यासारखे गोमंतकीय पुरुषही याच दरबारी नावारूपास आले. इ. स. १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरीस गेली, तरी मराठी माणसाचा उज्जयिनीशी जडलेला संबंध तुटला नाही. असो.

आता भृंगीकडे वळू. आपल्याकडे तिला कुंभारीण म्हणतात. घराच्या तुळईवर, खिडकीच्या कोपऱ्यात, देवघरातील तसबिरीमागे ती चिखलाचे लहानसे मडके घडवते. त्यात ती अळ्या नेऊन ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी मडके फोडून बाहेर पडते ती मात्र कुंभारीण. पाहणाऱ्याने आत जाताना अळी पाहिली, बाहेर येताना भृंगी पाहिली. मधला काळ बंद दाराआड गेला. तेव्हा एकीची दुसरी झाली, असे अनुमान निघणे अगदी स्वाभाविक होते. प्रत्यक्षात अळी भरण्यापूर्वीच कुंभारीण मडक्याच्या छताला एका बारीक धाग्याने आपले अंडे टांगून ठेवते. आणलेल्या अळ्या तिच्या दंशाने लुळ्या झालेल्या असतात, मेलेल्या नसतात. त्यामुळे त्या नासत नाहीत. अंड्यातून निघालेले पिलू त्या अळ्यांवर पोसते, कोषात जाते आणि पंख फुटल्यावर भिंत फोडते. आत गेलेली अळी आणि बाहेर पडलेली भृंगी हे दोन निराळे जीव आहेत. एक अन्न होय, दुसरे अपत्य.

असे अनुमान केवळ आमच्याच पूर्वजांनी केले असे नाही. चीन देशातही फार पुरातन काळापासून समजूत होती की, ही माशी निपुत्रिक असल्याने परक्या अळीला दत्तक घेते आणि माझ्यासारखी हो, असे गुणगुणून तिला आपलीशी करते. दत्तक पुत्राला त्या देशात या अळीच्या नावाने ओळखू लागले, इतकी ती कल्पना रूढ झाली होती. तेथील ताओ होंगजिंग नावाच्या विद्वान वैद्याने (इ. स. ४५६ ते ५३६) मात्र घरट्यांचे निरीक्षण केले आणि लिहून ठेवले की, ही माशी स्वतःची अंडी घालते व आत कोंडलेले कीटक हे तिच्या पिलांचे खाद्य होय. ग्रंथातील वचन त्याला ठाऊक होते, तरी त्याने मडक्याच्या आत पाहिले.

येथे एखादा वाचक आम्हांस विचारील की, मग भागवतातील दृष्टांत खोटा ठरवावयाचा की काय? या प्रश्नाचे उत्तर उज्जयिनीच्याच एका थोर पुरुषाच्या आचरणात सापडते. वराहमिहिर हा आवंतिक, सूर्योपासक आणि परंपरेचा अभिमानी. त्याने आपल्या पंचसिद्धांतिकेत जुने पाच ज्योतिषसिद्धांत एकत्र केले. त्यातील गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ पासून धरला आहे. ताओ होंगजिंग त्या वेळी हयात होता, हा एक विलक्षण योगायोग. या पाचांपैकी एक सिद्धांत पितामहाच्या नावाचा, एक वसिष्ठांच्या नावाचा. याहून पूज्य नावे कोणती असणार? तरीही वराहमिहिराने निःसंकोचपणे नमूद केले की, सौर सिद्धांत सर्वांत स्पष्ट आहे आणि पितामह व वसिष्ठ यांच्या नावांचे सिद्धांत प्रत्यक्षापासून दूर गेले आहेत. असे म्हणून त्याने ते टाकून मात्र दिले नाहीत; आपल्या ग्रंथात आदराने जतन केले. पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने उज्जयिनीत वेधशाळा बांधली, तीही पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ डोळ्यांनी तपासण्यासाठीच. माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. जुने राखावे आणि ते ताडूनही पाहावे, ही अवंतीची रीत आहे.

न्यायशास्त्रानेही दृष्टांताची कसोटी सांगताना सामान्य लोक आणि परीक्षक या दोघांनाही मान्य होईल अशीच गोष्ट दृष्टांतास योग्य मानली आहे. कुंभारणीच्या बाबतीत परीक्षकाचे मत आज बदलले आहे. तथापि ज्या सिद्धांतासाठी तो दृष्टांत योजिला, त्याला यामुळे बाध येत नाही. मन ज्याचे अखंड चिंतन करते त्याच्या आकाराचे होते, हा साधकांचा अनुभव कुंभारणीच्या मडक्यावर अवलंबून नाही. अवधूताची खरी थोरवी तर आणखी निराळी आहे: एवढ्याशा माशीकडेही शिष्यभावाने पाहावे, हे त्याने शिकविले. आम्हांस वाटते, त्या शिकवणीचा आधुनिक काळातील उपयोग शेतात आहे.

महाशिवरात्रीच्या सुमारास महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रिकांस उज्जयिनीच्या वाटेवर गव्हाबरोबर हरभऱ्याचीही शेते लागतात. माळव्याच्या काळ्या जमिनीत आज पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू-हरभरा हा क्रम रूढ आहे. हरभऱ्याशी आमचा संबंध जिव्हाळ्याचा. गोमंतकातील सारस्वतांच्या घरी किंवा देवालयात समाराधना असली की चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांचे मणगणे पानावर यावेच लागते. कोकणात हे पीक फारसे होत नाही. चण्याची डाळ घाटावरून आणि मध्य भारतातून येते. नैवेद्याच्या वाटीचा माग काढीत गेले तर तो असा एखाद्या काळ्या शेतापर्यंत पोचतो.

त्या शेतातील मोठा शत्रू म्हणजे घाटेअळी. माळव्यातला शेतकरी तिला नुसते इल्ली म्हणतो. ही एका मळकट रंगाच्या निशाचर पतंगाची संतती. मादी पतंग कोवळ्या पानांवर व कळ्यांवर शेकड्यांनी अंडी घालते. अळी प्रथम पाला खरवडते, आणि वाढल्यावर घाट्याला भोक पाडून, अर्धे शरीर आत खुपसून दाणा खाते. एक अळी आपल्या आयुष्यात ३० ते ४० घाटे पोखरते, असे कृषिविद्या सांगते. कापूस, तूर, टोमॅटो, ज्वारी यांवरही ती जगते. ईतींच्या जुन्या यादीत टोळांना स्थान होते. आजच्या शेतकऱ्याला यादी करावयास सांगितली, तर तो या अळीला वरचे स्थान देईल.

या घाटेअळीला मारणारी एक बारीक माशी याच शेतांत वावरते. शास्त्रज्ञ तिला कॅम्पोलेटिस म्हणतात. तिच्या गोत्राची ओळख पटण्यास युरोपातही पुष्कळ काळ लागला. इटलीतील आल्द्रोवांदी या पंडिताने १६०२ साली कोबीवरील अळीच्या अंगातून निघालेले लहान कोष वर्णिले, पण ती त्या अळीचीच अंडी असावीत असे त्याला वाटले. कुंभारणीच्या बाबतीत आमच्याकडे झाला त्याच जातीचा हा गैरसमज. अठराव्या शतकाच्या आरंभी वाल्लिस्नेरी आणि लेव्हेन्हुक यांनी बारकाईने पाहून उलगडा केला की, एका कीटकाची संतती दुसऱ्याच्या देहात वाढते. जर्मनीतील आखेन येथे शिक्षक असलेल्या फर्स्टर याने १८६९ साली या माश्यांच्या वंशांची मांडणी केली, तीत कॅम्पोलेटिस हे नाव प्रथम आले. घाटेअळीवर जगणारी आपल्याकडील जाती जपानच्या उचिदा या शास्त्रज्ञाने १९५७ साली वर्णिली. उज्जयिनीत विक्रम विद्यापीठ स्थापन झाले तेही याच वर्षी.

ही माशी लांबीला अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. अंग काळे, पाय तांबूस-पिवळे. कुंभारणीप्रमाणे ती घर बांधीत नाही. अळीचा देह हेच तिच्या पिलाचे घर. कोवळ्या, नुकतीच एकदोनदा कात टाकलेल्या अळीला शोधून ती निमिषार्धात सुईसारखी नळी टोचते आणि एक अंडे आत सोडते. अळी पुढे चालू लागते, खाते. पण तिचे खाणे मंदावते. आत माशीचे पिलू वाढत असते. आठदहा दिवसांत ते बाहेर येते आणि पानावर राखी-पांढरट, काळसर ठिपक्यांचा कोष विणते. अळीची रिकामी कातडी शेजारी पडून राहते. सर्वांत मोलाची गोष्ट ही की, घाटे पोखरण्याचे वय येण्यापूर्वीच अळी संपते. थंडीच्या महिन्यांत, हरभरा लहान असताना, ही माशी अधिक जोमाने काम करते.

जिवंत देहात परके अंडे राहते कसे? अळीचे रक्त तर परक्या वस्तूला घेरून मारून टाकते. याचे उत्तर कॅम्पोलेटिसच्याच एका अमेरिकी जातीने दिले. १९८१ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, मादी माशी अंड्याबरोबर एक विषाणूही अळीत सोडते आणि तो अळीची प्रतिकारशक्ती निकामी करतो. हा विषाणू माशीच्या अंडाशयातच तयार होतो. त्याची बीजे तिच्या आनुवंशिक द्रव्यात मिसळून गेलेली असून ती आईकडून लेकीकडे जातात. दोन जीव इतके एकरूप झाले की, कोणता कोठे संपतो हे सांगणे कठीण. कीटकाने भृंगी व्हावे ही कल्पना मडक्यात खरी ठरली नाही, पण एकाचे दुसऱ्यात विलीन होणे सृष्टीला अगदीच अपरिचित नाही, असे म्हणावेसे वाटते.

हे सारे वाचून कोमल मनाच्या वाचकास उद्वेग वाटेल. तो चार्ल्स डार्विन यासही वाटला होता. जिवंत अळ्यांच्या देहांत पोसणाऱ्या या माश्या दयाळू ईश्वराने हेतुपुरस्सर निर्मिल्या असतील हे मनाला पटत नाही, अशा अर्थाचे पत्र त्याने २२ मे १८६० रोजी एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञास लिहिले. आमच्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. जीवावर जीव जगतो हे भागवताने आडपडदा न ठेवता सांगितले आहे, आणि ज्या देवाचे नावच काळावरून पडले त्याच्या गाभाऱ्यात आम्ही हात जोडून उभे राहतो. सृष्टी आमच्या सोयीच्या दयेने बांधलेली नाही. तिच्यात एक तोल आहे, आणि तो तोल बिघडविण्याचे सामर्थ्य मात्र मनुष्याच्या हाती आले आहे.

ते सामर्थ्य म्हणजे कीटकनाशके. प्रथम डीडीटीसारखी औषधे आली. भारतात शेतीसाठी तिचा वापर १९८९ साली बंद झाला. पुढे एंडोसल्फान आले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली. दरम्यान पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचा गाजावाजा झाला. परंतु १९८७-८८ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील कापसावर याच घाटेअळीचा असा कहर झाला की, फवारणीमागून फवारणी करूनही ती मरेना. तिने औषध पचविले होते. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तो हंगाम काळवंडला. अळीची संख्या अफाट, पतंगाचे उड्डाण दूरवरचे. फवारणीतून वाचलेल्या मूठभरांपासून ती पुन्हा उभी राहते. माशीचे तसे नाही. ती औषधाने मरते, तिची पिले अळीबरोबर मरतात, आणि अळ्या पुन्हा वाढल्याखेरीज तिला वाढता येत नाही. म्हणून फवारणीनंतर शत्रू आधी परततो, मित्र मागाहून.

कोणी म्हणेल, मित्रकीटक प्रयोगशाळेतून आणून सोडावेत. ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म माशीच्या बाबतीत ते साधते. तांदळातील पतंगाच्या अंड्यांवर तिची पैदास करून कागदी पट्ट्यांवर ती शेतकऱ्यास देता येते. परंतु हरभऱ्यावर तिची मात्रा चालत नाही. हरभऱ्याच्या पानांवरील लव आम्लयुक्त रस पाझरते. पहाटे पिकावर धडूते पसरून जी आंब गोळा करतात व पोटदुखीवर देतात, ती हीच. त्या आंबेत ट्रायकोग्रामा टिकत नाही. कॅम्पोलेटिस टिकते, पण तिची पैदास करणे अवघड. कारण तिला जिवंत अळ्या लागतात आणि घाटेअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. तात्पर्य, हरभऱ्याची ही राखणदार सहजासहजी विकत आणता येत नाही. शेतात आहे तीच जपावी लागते.

जपण्याचा मार्ग कठीण नाही. हरभऱ्यात मधूनमधून धन्याच्या ओळी पेरल्या, तर त्या फुलांतील मध माशीला मिळतो आणि ती शेतात रमते. अळी दिसताच औषधाचा पंप उचलण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. ठिपक्यांचे राखी कोष पुष्कळ आढळले, तर काही दिवस धीर धरावा. अळी खरोखरच आवाक्याबाहेर गेली, तर केवळ तिलाच बाधणारे विषाणूजन्य औषध किंवा निंबोळी अर्क आधी वापरावा.

उज्जयिनीपासून जवळच, इंदूर येथे १९२४ साली निघालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि आमचे यशवंत वाड यांनी काम केले. त्यांचा सेंद्रिय खतावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. हॉवर्ड पूर्वी बिहारमधील पुसा येथे असताना त्याने एक निश्चय केला होता. शेतकरी आणि पिकांवरील किडी, हेच आपले शेतीचे उत्तम अध्यापक होत, असे त्याने मानले. अवधूताची चोवीस गुरूंची मालिका त्याच्या वाचनात आली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. वृत्ती मात्र तीच.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या जमिनी आहेत, अनेकजण देवस्थानांच्या जमिनींची व्यवस्था पाहतात. त्यांना आमची विनंती एवढीच की, या माशीची ओळख करून घ्यावी आणि कुळांस, गडीमाणसांस ती करून द्यावी. घाटेअळीला प्रत्येक भाषेत नाव आहे. तिला आवर घालणारीला मराठीत नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याची राखण कोणी करीत नाही. भृंगी हा शब्द आमच्यापाशी शतकानुशतके आहे. कीर्तनात तो ध्यानाचा महिमा सांगत राहो; शेतात त्याने या काळ्या माशीचे नाव व्हावे, म्हणजे पंपाचा दट्ट्या दाबण्यापूर्वी शेतकऱ्याचा हात क्षणभर थांबेल.